तळाची जाळी

घराच्या किल्ल्या मिळाल्या त्या दुपारी आम्ही आधी घरात गेलोच नाही. सरळ मागच्या अंगणात जाऊन स्विमिंग टँकच्या काठावर उभे राहिलो. पाणी इतकं नितळ होतं, की खोल बाजूच्या तळाशी बसवलेली गोल जाळी आणि तिच्यावरचे चकचकीत स्क्रू वरून मोजता येत होते. आमच्या साडेतीन वर्षांच्या लेकीनं ते मोजलेसुद्धा. "एक, दोन, तीन." चौथ्या स्क्रूच्या जागी नुसतंच भोक आहे, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आधीच्या मालकांनी जाताना पंधरा मिनिटांत सगळं दाखवलं. हा पंप, हा वाळूचा फिल्टर, ही क्लोरीनच्या गोळ्यांची बादली. तरंगत्या डब्यात आठवड्याला गोळ्या भरायच्या, पाने-पाचोळा काढायचा, बस्स. त्यांनी काही लपवलं असं मी म्हणणार नाही. त्यांची काही वर्षं याच पद्धतीनं निभली होती. आम्हीही तेच केलं आणि तीन आठवडे पाणी छान राहिलं.

चौथ्या आठवड्यात ऊन तापलं. एका सकाळी पाण्याची चमक गेलेली दिसली. दुसऱ्या दिवशी ते दुधाळ झालं आणि तिसऱ्या दिवशी हिरवं. पायऱ्यांवर हात फिरवला तर बुळबुळीत लागलं. तळाची जाळी कुठे आहे हे आता अंदाजानंच सांगावं लागत होतं. मी चाचणीची कागदी पट्टी बुडवून पाहिली. क्लोरीन ३ पीपीएम, पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा) ७.६. पट्टीच्या डबीवरच्या रंगांप्रमाणे दोन्ही आकडे अगदी योग्य. मग हिरवं कशानं? गोळ्या कमी पडत असतील म्हणून आम्ही दुप्पट टाकल्या. चार दिवसांनी पाणी आणखी गडद झालं होतं.

त्या संध्याकाळी सासूबाई काठावर येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, पाणी साफ व्हायचं तेव्हा होईल. पण यात पोर पडलं तर दिसणार कुठे? आधी दार लावा."

त्यांचं म्हणणं माझ्या काळजात रुतलं. तोवर मी टँककडे घराची शोभा म्हणून बघत होते, फार तर एक बिघडलेली वस्तू म्हणून. बुडणारं लहान मूल हाका मारत नाही, हातपाय आपटत नाही. ते गुपचूप पाण्याखाली जातं आणि काही मिनिटांत सगळं संपतं. बुडण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो १ ते ४ वर्षांच्या मुलांना. आमची लेक नेमकी त्याच वयाची. गढूळ पाण्यात तर शोधणाऱ्यालाही काही दिसत नाही. म्हणूनच सार्वजनिक टँकवर तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर पोहणं बंद ठेवतात. त्या रात्री मागच्या दाराला उंचावर कडी बसवली. आठवड्याभरात टँकभोवती सव्वा मीटर उंचीचं, चढायला पाय ठेवता येणार नाही असं उभ्या गजांचं कुंपण झालं. त्याचं फाटक आपोआप मिटतं आणि कडीही आपोआप अडकते. फाटक बाहेरच्या बाजूला उघडतं, म्हणजे पोरीनं ढकललं तरी आत जात नाही. रसायनांची पहिली बाटली आणण्याआधी हे झालं, याचं मला आजही समाधान आहे.

मग आम्ही शिकायला बसलो.

सुरुवात मोजमापानं. लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर, उथळ बाजू १ मीटर आणि खोल बाजू १.८, म्हणजे सरासरी खोली १.४. गुणाकार ४४.८ घनमीटर, म्हणजे जवळजवळ ४५ हजार लिटर पाणी. हा आकडा कळेपर्यंत 'थोडं टाकू', 'अजून जरा टाकू' असंच चाललं होतं. आकडा कळल्यावर हिशेब सोपा झाला. पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. आमच्या टँकमध्ये क्लोरीन १ पीपीएमनं वाढवायला ४५ ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्क्यांचं द्रव क्लोरीन साधारण ४५० मिलिलिटर. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. वहीची सुरुवात तिथून झाली.

नंतर नळ्या. नवऱ्यानं खडू घेतला आणि प्रत्येक नळीवर बाण काढले. पाण्याच्या पृष्ठभागावरचा कचरा ओढणारा स्किमर आणि तळाची जाळी या दोन्हींकडून पाणी पंपात येतं, पंपाच्या तोंडाशी असलेल्या टोपलीत पानं अडकतात, पुढे पाणी वाळूतून गाळलं जातं आणि भिंतीतल्या तोंडांवाटे परत टँकमध्ये येतं. फिल्टरच्या डोक्यावर एक हँडल असतं. ते फिरवून पाण्याची वाट बदलायची: गाळणे, बॅकवॉश, रिन्स म्हणजे खंगाळणे, वेस्ट म्हणजे पाणी थेट बाहेर सोडणे. बॅकवॉशमध्ये पाणी वाळूतून उलटं जातं आणि अडकलेली घाण बाहेर फेकतं.

इथे आमच्याकडून पहिली मोठी चूक झाली. पंप चालू असतानाच नवऱ्यानं ते हँडल फिरवलं. आतून कट्ट असा आवाज आला आणि त्या दिवसापासून 'गाळणे'वर ठेवलं तरी बाहेरच्या नळीतून पाण्याची बारीक धार सुरू झाली. दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी झाकण उघडून आतलं रबरी गॅस्केट बाहेर काढलं. चाकाच्या आऱ्यांसारखा आकार, आणि त्यातली एक आरी खोबणीतून उचकटून मुडपलेली. "ताई, पाण्याचा सगळा दाब याच्यावर असतो," ते म्हणाले. "आधी पंप बंद, मग हँडल. झोपेतसुद्धा हा क्रम चुकायचा नाही." नवीन गॅस्केट बसवताना त्यांनी आम्हाला शेजारी बसवून घेतलं. पंपाच्या झाकणाच्या रबरी कडीला सिलिकॉनचंच ग्रीस लावायचं, पेट्रोलियमचं लावलं तर रबर फुगतं, हे त्यांनीच सांगितलं. फिल्टर स्वच्छ झाल्यावर त्यांनी दाबमापकावर बोट ठेवलं. १२ पीएसआय. "हा आकडा लिहून ठेवा. १५-१६ झाला की बॅकवॉश. त्याआधी उगाच करू नका, थोडी मळलेली वाळू जास्त चांगलं गाळते."

जाताना त्यांनी पंपाच्या खोलीतलं फडताळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. गोळ्यांच्या बादलीच्या वरच्याच फळीवर आधीच्या मालकांनी ठेवलेली दाणेदार क्लोरीनची अर्धी पिशवी होती आणि दोन्हींसाठी एकच डाव. गोळ्या ट्रायक्लोरच्या, दाणे कॅल्शियम हायपोक्लोराइटचे. दोन्ही 'क्लोरीन'च, म्हणून आम्ही ते एकाच कुळातले धरले होते. पण ही दोन एकत्र आली आणि त्यात थोडी ओल लागली तर पेट घेतात, स्फोटही होऊ शकतो. काकांनी ती पिशवी स्वतः उचलून दूरच्या, कोरड्या कोपऱ्यात ठेवली आणि डाव वेगळा करायला लावला. ॲसिडची जागा तिसरीच. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तो श्वासात गेला तर फुप्फुसं जाळतो. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे आणि गॉगल खुंटीवर टांगले, ते आजही तिथेच आहेत.

आता मूळ प्रश्न. क्लोरीन ३ आहे, पीएच ठीक आहे, तरी पाणी हिरवं का?

काकांनी एकच विचारलं, "स्टॅबिलायझर किती आहे?" आम्ही तो शब्द पहिल्यांदाच ऐकत होतो. पट्टीवर त्याचा एक चौकोन होता, पण तो आम्ही कधी वाचलाच नव्हता. मी थेंबांची चाचणी-पेटी मागवली. स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड. ते मोजायची रीत मला फार आवडली. टँकचं पाणी आणि एक द्रावण समसमान घेऊन छोट्या बाटलीत हलवायचं. स्टॅबिलायझर असेल तितकं ते मिश्रण ढगाळ होतं. मग तळाशी काळा ठिपका असलेल्या उभ्या नळीत ते हळूहळू ओतत जायचं. वरून बघत राहायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून बाजूचा आकडा वाचायचा. आमचा ठिपका थोडंसं ओतल्याबरोबर गेला. नळीवरचा शेवटचा आकडा १०० होता आणि पाणी त्याच्याही खालीच राहिलं होतं. नमुना निम्मा आणि नळाचं पाणी निम्मं असं करून पुन्हा केलं. ९० आलं. दुप्पट, म्हणजे १८०. असायला हवं होतं ३० ते ५०.

यामागची गोष्ट अशी. नुसतं क्लोरीन उन्हात टिकत नाही, अतिनील किरणांनी ते काही तासांत फुटून जातं. सायन्युरिक ॲसिड क्लोरीनला धरून ठेवतं, जणू त्याच्यावर छत्री धरतं. म्हणून थोडं हवंच. पण जेवढं ते वाढतं तेवढं क्लोरीन त्याच्या मुठीत अडकून राहतं आणि जंतू-शेवाळ मारायला मोकळं राहतच नाही. पट्टी मात्र अडकलेलं आणि मोकळं, दोन्ही मिळून '३' दाखवते. सोपा हिशेब असा, की स्टॅबिलायझरच्या किमान साडेसात टक्के क्लोरीन पाण्यात हवं. १८० ला साडेतेरा. आमच्याकडे ३.

आणि ते आलं कुठून? गोळ्यांतूनच. ट्रायक्लोरच्या गोळीनं १० पीपीएम क्लोरीन दिलं, की तिच्यासोबत ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात उतरतं. क्लोरीन वापरलं जातं, उडून जातं. हे मात्र जात नाही. पाण्याची वाफ होते आणि ते मागे राहतं. दिवसाला २ पीपीएम क्लोरीन लागतं असं धरा. १५० दिवसांत ३०० पीपीएम क्लोरीन, म्हणजे १८० पीपीएम सायन्युरिक ॲसिड. अधूनमधून बॅकवॉशमध्ये आणि पावसानं ओसंडून थोडं बाहेर जातं, नाहीतर एकाच हंगामात १८० गाठता येतं. आम्ही शेवाळ मारायला दुप्पट गोळ्या टाकत होतो, तेव्हा दर गोळीसरशी तीच मूठ घट्ट करत होतो. हे कळलं त्या रात्री मी वहीत तीन वेळा तो गुणाकार केला. दर वेळी तोच आकडा आला आणि मला फार हायसं वाटलं, कारण आता निदान कारण तरी कळलं होतं.

उपाय एकच, पाणी बदलणे. बाजारात याला काढणारी पावडर शोधण्यात मी दोन दिवस घालवले, पण भरवशाचा मार्ग पाणी बदलण्याचाच आहे. नवऱ्याचं म्हणणं होतं की एकदाच सगळा टँक रिकामा करू. काकांनी फोनवर त्याला थांबवलं. जमिनीखालचं पाणी वर असेल तर रिकामी टाकी खालून उचलली जाते. भरलेल्या टँकला त्याच्या पोटातल्या पाण्याचं वजनच जागेवर धरून ठेवतं, आणि आमच्याकडे आदल्याच आठवड्यात चांगला पाऊस होऊन गेला होता. रिकाम्या टँकला तडे गेले, नळ्या तुटल्या, तर ती दुरुस्ती फार मोठी.

मग टप्प्याटप्प्यानं केलं. दर वेळी ४० टक्के पाणी बाहेर, तेवढंच नवीन आत, एक रात्र फिल्टर चालवून नीट मिसळू द्यायचं आणि पुन्हा तेच. १८० चं १०८, १०८ चं ६५, ६५ चं ३९. तीन वेळा मिळून ५४ हजार लिटर, म्हणजे टँकच्या एका भरण्याहूनही जास्त. इतकं पाणी वाहून जाताना बघणं मला जड गेलं. बाहेर सोडण्याआधी क्लोरीन शून्यावर येऊ दिलं, मगच सांडपाण्याच्या वाहिनीत सोडलं. पातळी स्किमरच्या खाली जाणार होती, म्हणून टँकचा पंप बंद ठेवून वेगळा पाणबुडी पंप लावला. नाहीतर टँकच्या पंपानं हवा ओढली असती आणि कोरडा फिरून तो जळाला असता. तिसऱ्या टप्प्यानंतर काळा ठिपका ४० च्या रेषेवर दिसेनासा झाला. आम्ही तिघांनीही आळीपाळीनं नळीत डोकावून खात्री करून घेतली.

आता शेवाळ मारायचं. स्टॅबिलायझर ४० असेल तर क्लोरीन १६ पीपीएमपर्यंत चढवायचं आणि शेवाळ पूर्ण मरेपर्यंत ते तिथून खाली येऊ द्यायचं नाही. आधी ॲसिड टाकून पीएच ७.२ वर आणला, कारण क्लोरीन १० च्या वर गेलं की पीएचची चाचणी खोटा रंग दाखवते. अर्धा-पाऊण तास पंप चालू ठेवला. मग सूर्य कलल्यावर, पाणी परत येतं त्या तोंडासमोर, सात लिटरांहून थोडं जास्त द्रव क्लोरीन बारीक धारेनं सोडलं. त्याच हातानं ब्रश घेतला. भिंती, पायऱ्या, कोपरे, शिडीच्या मागची जागा. शेवाळाच्या वरच्या थराखाली क्लोरीन पोचत नाही, तो थर ब्रशनं फोडावाच लागतो. पहिल्या रात्री खांदे इतके दुखले, की उशी घेववेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्लोरीनची चाचणी केली आणि नळी पांढरी. क्लोरीन असेल तर गुलाबी रंग यायला हवा. काहीच नाही, म्हणजे शून्य. नवरा नवीन कॅन उघडायला निघाला. मी पुन्हा एक नमुना घेतला आणि या वेळी थेंब पडताना नळीवरून नजर हलवली नाही. थेंब पाण्याला लागल्याबरोबर गडद गुलाबी रंगाची एक लहर उठली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत विरून गेली. म्हणजे क्लोरीन होतं, आणि इतकं होतं की त्यानं चाचणीचा रंगच खाऊन टाकला होता. ताज्या नमुन्यात आधी चौपट शुद्ध पाणी घालून पाहिलं तर लखलखीत गुलाबी. त्या क्षणी मी दुसऱ्यांदा थेंब पाहिला नसता तर आम्ही आणखी सात लिटर ओतलं असतं. पुढे मी पावडर आणि थेंबांची चाचणी घेतली. त्यात गुलाबी झालेला नमुना रंगहीन होईपर्यंत थेंब मोजायचे, दर थेंबाला अर्धा पीपीएम. १६ पीपीएमला बत्तीस थेंब. वेळ लागतो, पण रंगाची छटा ओळखत बसावं लागत नाही.

पाणी एकदम निळं होत नाही. आधी हिरवा रंग जाऊन राखाडी, दुधट रंग आला. ते मेलेलं शेवाळ. ते गाळायचं काम फिल्टरचं आणि त्याला वेळ द्यावाच लागतो. दिवसातून दोनदा दाब १६ वर जायचा, दोनदा बॅकवॉश. बॅकवॉश करताना काचेच्या छोट्या डोळ्यातून आधी हिरवट राड दिसायची, मग फिकट, मग स्वच्छ पाणी. त्यानंतर अर्धा मिनिट रिन्स, नाहीतर उरलेली घाण परत टँकमध्ये येते.

सहाव्या दिवशी खोल बाजूला एक गोल सावली दिसली. जाळी!

पण काम झालं नव्हतं. शेवाळ खरंच संपलं की नाही हे ठरवायची रीत म्हणजे रात्रीची चाचणी. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजायचं आणि पहाटे ऊन पडायच्या आत पुन्हा. रात्री ऊन नसतं, त्यामुळे जे कमी होतं ते पाण्यातल्या घाणीनंच खाल्लेलं असतं. घट १ पीपीएमच्या आत हवी. आमची अडीच आली. दुसऱ्या रात्रीही अडीच. पाणी डोळ्यांना स्वच्छ होतं आणि आकडा नाही म्हणत होता. मला मान्य करायला जड गेलं, पण आकड्यावर विश्वास ठेवला. विजेचा मुख्य खटका पाडून नवऱ्यानं पाण्याखालचा दिवा त्याच्या खोबणीतून काढला. मागे बोटभर जाड, काळपट हिरवा साका. स्किमरच्या झडपेच्या मागेही तसाच. सगळं घासून काढलं. तिसऱ्या रात्रीची घट अर्ध्या पीपीएमवर आली.

त्या सकाळी आम्ही सगळे काठावर होतो. लेकीनं पुन्हा मोजलं. "एक, दोन, तीन." सासूबाई वाकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "भोकं चार आहेत की."

काकांना कळवलं. त्यांनी पहिलं वाक्य बोललं ते, "पाण्यात कुणी उतरू नका, आणि पंप बंद करा." तळाच्या जाळीमागे पंपाची ओढ असते. जाळी ढिली असेल, निखळली असेल, तर त्या उघड्या तोंडाशी केस, कपडा किंवा लहान मुलाचं अंग चिकटू शकतं आणि ती ओढ मोठ्या माणसालाही सुटत नाही. उरलेल्या तीन स्क्रूंपैकीही एक झिजून सैल झालेला निघाला. जाळी पूर्ण बदलली. नव्या जाळीचा माथा फुगीर आहे, म्हणजे अंग टेकलं तरी सगळी भोकं एकदम झाकली जात नाहीत, आणि किती वर्षांनी ती बदलायची हेही तिच्यावरच छापलं आहे. ते साल वहीत लिहिलं. आणि पंपाचं बटण कुठे आहे, हे सासूबाईंसकट घरातल्या प्रत्येकानं डोळे मिटून दाखवायचं, असा नेम केला. पाणी नितळ झाल्यावर नऊ दिवस आम्ही त्यात पाय घातला नाही. मला त्या नऊ दिवसांची जराही हळहळ वाटत नाही. हिरव्या पाण्याच्या आधीचे तीन आठवडे मात्र आठवले की अंगावर काटा येतो, कारण तेव्हा आम्ही रोज त्यात उतरत होतो.

आता रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. संध्याकाळी क्लोरीन मोजून लागेल तेवढं द्रव क्लोरीन, बहुतेक लिटरभर. आमचं ४ ते ६ च्या मध्ये असतं. गोळ्या फक्त आम्ही चार दिवस बाहेरगावी जाणार असू तेव्हा. द्रव क्लोरीन उन्हात आणि जुनं झाल्यावर कमजोर होतं, म्हणून सावलीत ठेवतो आणि थोडंच आणतो. पीएच आठवड्यातून दोनदा. तो आमच्याकडे सारखा वर चढायचा. नंतर कळलं, की पाणी परत येणारी तोंडं वरच्या दिशेनं वळलेली होती. पाणी खळाळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच वाढतो. तोंडं थोडी खाली वळवल्यावर ॲसिड निम्म्यावर आलं. क्षारता आणि कॅल्शियम महिन्यातून एकदा बघते, त्यात फारसं काही घडत नाही.

एक गोष्ट लोकांना पटवायला मला नेहमी वेळ लागतो. टँकवर जो डोळे चुरचुरवणारा 'क्लोरीनचा वास' येतो, तो क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. घाम, लघवी, अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरीन जोडलं गेलं की क्लोरामाइन बनतं, वास त्याचा. म्हणजे मोकळं क्लोरीन अपुरं आहे. आमच्या पाण्याला आता वास येत नाही. पाहुण्यांना मी उतरण्याआधी अंघोळ करायला सांगते, आणि पोट बिघडलेल्याला पाण्यात उतरू देत नाही, मग तो कितीही जवळचा असो. जुलाबातून येणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्येही आठवड्याहून जास्त जगतो.

मध्यंतरी पाण्याची पातळी रोज खाली जाते असं वाटायला लागलं. गळतीच्या भीतीनं झोप उडाली. मग बादलीची चाचणी केली. पायरीवर बादली ठेवायची, तिच्यात टँकच्या पातळीइतकं पाणी भरायचं, आत-बाहेर दोन्हीकडे खुणा करायच्या आणि चोवीस तासांनी बघायचं. दोन्हीकडे सारखीच, सहा-सहा मिलिमीटर घट. गळती नाही, नुसती वाफ.

वहीत दर दिवसाची एक ओळ असते. तारीख, क्लोरीन, पीएच, दाब, काय टाकलं. पण पहिला रकाना आकड्याचा नाही. तो सासूबाई भरतात. रोज सकाळी फाटकाची कडी ओढून बघतात, ती बसली आहे याची खात्री करतात, आणि आत येऊन काठावर खोल बाजूला उभ्या राहतात. त्यांना जवळचं दिसत नाही, लांबचं लख्ख दिसतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत वही घेऊन थांबते. लेक त्यांचा हात धरून उभी असते, तो हात सोडायचा नाही हे तिला ठाऊक आहे. आणि मग तिचाच आवाज येतो, "आई, लिही. चार!"